सासूबाईंचा बिनआवाजाचा कॉम्प्युटर

सासूबाईंनी टीव्हीखालच्या फळीपुढे बैठक मारली, उजवा कान त्या काळ्या डब्याला लावला आणि डोळे मिटले. टीव्हीवर सिनेमा चालू होता, पण त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी मागे स्क्रू ड्रायव्हर घेऊन निकालाची वाट बघत उभा होतो.

"येतोय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आवाज. तीच भुणभुण. हे चालायचं नाही, जावईबापू."

जावईबापू म्हणजे प्रकरण गंभीर. एरवी त्या मला 'अहो, ऐकलंत का' यावरच भागवतात.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक कितीही किरकिरं असलं तरी शटर ओढून घरी जाता येतं. गिऱ्हाईक म्हणून सासूच आली तर माणसाने जायचं कुठे? बरं, मागणी काय, तर टीव्हीला जोडायला एक छोटा कॉम्प्युटर हवा, त्यावर सिनेमा बघायचा, आणि त्याचा आवाज अजिबात येता कामा नये. "कमी" नाही, "अजिबात". दुसरी कोणी असती तर मी हसून टेबलफॅनइतका वाजणारा एखादा जुना डबा गळ्यात मारला असता. पण या बाईंपुढे ते शक्य नव्हतं, आणि कारण त्यांच्या धंद्यात होतं.

सासूबाईंनी अख्खं आयुष्य दुसऱ्यांची पावलं चालण्यात घालवलं. सिनेमाचं चित्रीकरण होतं तेव्हा नटांच्या पावलांचे, कपड्यांचे, कपबश्यांचे आवाज नीट येत नाहीत. ते नंतर स्टुडिओत, पडद्यावरचं चित्र बघत बघत, कोणीतरी नव्याने करावे लागतात. हल्ली त्याला फोली असं गोंडस नाव आहे. सासूबाईंच्या वेळी त्याला पावलं देणं म्हणत. खोलीत एका बाजूला फरशी, एका बाजूला लाकडी फळी, एक वाळूचा ट्रे, एक खडीचा. कोणी नायिका जिना उतरली की सासूबाई उतरल्या, कोणी खलनायक खडीवरून पळाला की त्याचे बूट घालून सासूबाई पळाल्या. मी लग्नाचं विचारायला पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मी जिना चढत असतानाच आतून मुलीला म्हणाल्या होत्या, "हा टाचा घासतो. आळशी दिसतोय." बायकोने हे मला पुढे सांगितलं, आणि आजही भांडणात सांगते.

कॉम्प्युटर हवा होता तो एका सिनेमासाठी, आणि त्या सिनेमातल्याही एका प्रसंगासाठी. एक बाई अनवाणी खोलीत येते. नवरा पाठमोरा बसलेला. ती त्याच्या बाजूला कप ठेवते, क्षणभर उभी राहते आणि परत जाते. संवाद नाही, संगीत नाही. ती हे घर सोडून चालली आहे हे फक्त तिच्या पावलांवरून कळतं. ती पावलं सासूबाईंची. आयुष्यात यापेक्षा चांगलं काम आपल्या हातून झालं नाही असं त्या म्हणतात, आणि मी ऐकलं आहे, ते खरं आहे.

याच प्रसंगावरून त्यांचं आणि ध्वनिमुद्रकाचं फाटलं होतं. काचेपलीकडे बसून आवाज टिपणारा तो माणूस. स्टुडिओत या ध्वनिमुद्रकांना सगळे कानसेन म्हणायचे. पलीकडच्या खोलीत टाचणी पडली तर ती कोणत्या कोपऱ्यात पडली हेसुद्धा सांगतील अशी त्यांची ख्याती. तर या कानसेनांनी सिनेमा पुरा व्हायच्या बेताला, निर्माता-दिग्दर्शक सगळे बसलेले असताना सांगितलं, की त्या प्रसंगात पावलांच्या मागे पंखा वाजतोय. बाईंनी मुद्रणाच्या वेळी पंखा बंद केला नव्हता.

स्टुडिओत हा मोठा गुन्हा. दार लागलं, लाल दिवा लागला, की खोलीतला पंखा बंद झालाच पाहिजे, आणि तो बंद करायचं काम आत चालणाऱ्याचं. सासूबाई उसळल्या. "मी माझ्या हाताने बंद केला," म्हणाल्या. कामात कधी कोणी त्यांना चूक दाखवली नव्हती, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास त्यांच्यावर बसला. इतरांना तो आवाज धड ऐकूही येत नव्हता. मग दोष कुणाचा, तर कानसेनांच्या यंत्राचा, किंवा त्यांच्या कानाचा. पुढे कानसेनांना त्या स्टुडिओतून बोलावणं आलं नाही, आणि गोष्ट पसरल्यावर दुसरीकडूनही नाही. त्यांनी सभासमारंभांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा काढला असं कळलं होतं. सासूबाईंची सरशी झाली होती, पण चारचौघांत आपल्याला निष्काळजी म्हटलं हे त्यांनी कधी सोडून दिलं नाही.

आता इतक्या वर्षांनी एका चित्रपट संग्रहालयाने त्या सिनेमाच्या मूळ रिळांवरून नवी प्रत काढली. चित्र धुऊनपुसून लख्ख केलं, आवाज मात्र होता तसाच ठेवला, आणि त्यात काम केलेल्यांना एकेक प्रत हार्ड डिस्कवर घालून पाठवली. थिएटरात लोकांच्या खोकण्यात आणि खुर्च्यांच्या करकरीत जे कधी ऐकू आलं नसतं ते आता घरात बसून ऐकता येणार होतं. प्रत हातात पडली त्याच दिवशी सासूबाईंनी कुठून कुठून नंबर मिळवून कानसेनांना फोन लावला. "माझ्या घरी या, बसून ऐका, आणि मग काय ते बोला." पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग त्यांच्या मुलीने फोन घेतला आणि रविवारी दुपारी बाबांना आणून सोडते म्हणाली.

"त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचंय मला," सासूबाई म्हणाल्या. "पंखा बंद होता, एवढं. मग मी मरायला मोकळी."

म्हणून ही खोली अगदी शांत हवी होती. भुणभुणणारा डबा ठेवून पंख्याचा खटला चालवायचा म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, हे मलाही पटत होतं.

सुरुवातीला टीव्हीखाली आमच्याकडचा जुना मोठा कॉम्प्युटर होता. तो सुरू केला की सासूबाई "विमान आलं" म्हणायच्या. तो काढला आणि दुकानातून तळहाताएवढा एक डबा आणला. या छोट्या डब्यांची गंमत अशी, की जितका डबा लहान तितका आतला पंखा लहान, आणि लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त जोरात फिरावं लागतं, मग तो किंचाळतो. म्हणून मी त्यातल्या त्यात मोठा, सावकाश फिरणारा पंखा असलेला निवडला. दुकानात बाकावर ठेवून तोच सिनेमा चालवला. आवाज नाही. सासूबाईंच्या घरी लावला आणि त्या प्रसंगापाशी आलो, तर बारीक भुणभुण. सिनेमा थांबवला, भुणभुण गेली. चालू केला, आली.

मला वाटलं, सापडलं. फाइल भली मोठी होती आणि नव्या पद्धतीने घट्ट बांधलेली. ती उलगडायचं काम चित्रासाठी असलेल्या वेगळ्या चिपने करायचं असतं, पण माझ्या प्लेअरमध्ये ते सेटिंग बंद होतं, आणि सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडत होता. तो तापत होता आणि पंखा पळत होता. सेटिंग बदललं. भार झटकन खाली आला, डबा गार पडला, पंखा जवळजवळ थांबला. मी विजयी मुद्रेने सासूबाईंना बोलावलं. त्यांनी कान लावला.

"येतोय."

मग मी त्यांच्या फळीवर संशय घेतला. सिनेमा ज्या हार्ड डिस्कवर होता तिच्या आत चकती फिरते, आणि ती ठेवली होती पोकळ लाकडी फळीवर. म्हणजे आपण होऊन ढोलावर ठेवल्यासारखं. सिनेमा चकती नसलेल्या डिस्कवर घेतला. डब्याखाली रबराचे पाय चिकटवले. येतोय. वीज आणि टीव्हीची केबल वेगवेगळ्या बोर्डांवरून आली की स्पीकरमध्ये गुणगुण शिरते, म्हणून सगळ्या पिना एकाच बोर्डावर आणल्या. येतोय. दुकानात शांत, इथे भुणभुण, हे मला कळेनासं झालं. दुकानात गिऱ्हाइकांशी मी तुटक बोलायला लागलो आणि जेवताना बायकोला त्या फळीचं कौतुक ऐकवायला लागलो.

"आईचं वय झालंय," बायको म्हणाली. "तिला भास होत असेल."

"मलाही येतोय ना."

"मग तुलाही होत असेल."

शनिवारी मी शेवटचा उपाय केला. पंखाच नसलेला डबा आणला. बाहेरून सगळीकडे धातूच्या पट्ट्या, आतली उष्णता त्यांतून बाहेर पडते. आत हलणारा एकही भाग नाही. जे हलत नाही ते वाजेल कशाला? लावला, प्रसंग आला, सासूबाईंनी कान टेकवला. मी डोळे मिटून घेतले.

"येतोय."

माझा तोल गेला. "आई, यात पंखाच नाहीये. उघडून दाखवू? काही फिरतच नाही आत."

"मग वाजतंय ते काय?"

"तुमच्या डोक्यात वाजतंय."

हे मी बोलून गेलो. त्या उठल्या, गुडघा धरून उठल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या. आत भांडं आपटलं. मला स्वतःचीच लाज वाटली आणि रागही गेला नव्हता. टीव्हीवर ती बाई कप ठेवून उभी होती. मला ती पावलं पुन्हा ऐकायची नव्हती, म्हणून मी रिमोट उचलून आवाज बंद केला.

खोली शांत झाली.

सिनेमा चालूच होता. बाई परत निघाली होती. मी खाली बसलो, कान डब्याला लावला. काहीच नाही. दगडाला कान लावावा तसं. मी रिमोटने आवाज पुन्हा सुरू केला. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन लाकडी स्पीकर होते, त्यांतून पावलं आली आणि पावलांच्या मागून भुणभुण. पुन्हा बंद केला. गेली. घाईघाईने दुसरा सिनेमा लावला, त्यातला एक शांत प्रसंग शोधला. भुणभुण नाही.

दुकानातला बाक मला आठवला. तिथे मी स्पीकर जोडलेच नव्हते, पंखा ऐकायला स्पीकर कशाला? आणि इथे आम्ही दोघं शहाणे एक कान डब्याला चिकटवून बसायचो आणि दुसरा कान स्पीकरकडे उघडा टाकायचो. एक साधं बटण दाबलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. आवाज माझ्या कोणत्याच डब्यात नव्हता. तो सिनेमात होता. मूळ रिळावर, त्या बाईच्या पावलांच्या मागे, इतकी वर्षं पंखा फिरत होता.

सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या आणि तो माझ्यासमोर ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. "उद्यापर्यंत होईल का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"होईल," मी म्हणालो.

संध्याकाळी घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस." तिने हातातली जुडी खाली ठेवली. "तो आवाज काढून टाकता येतो ना? तुमच्या त्या सॉफ्टवेअरमधून?"

येतो. एकसारखी भुणभुण काढून टाकणं अवघड नसतं. कॉम्प्युटरला नुसती भुणभुण ऐकवायची आणि सांगायचं, एवढं वजा कर. मी तिला तसं सांगितलं, आणि सांगताना मला बरं वाटलं नाही.

"मग कर. तिला या वयात खोटी पाडून कोणाचं काय भलं होणार आहे? तो माणूस येईल, ऐकेल, बंद होता म्हणेल. आई सुखाने झोपेल."

"आणि तो माणूस?"

तिने जुडी पुन्हा उचलली. भाजी जोरात निवडायला लागली. मी जेवणाआधी ते काम उरकलं. दोन फाइली शेजारी शेजारी झाल्या, एक जशी आली तशी आणि एक साफ केलेली.

रविवारी सकाळी आम्ही दोघं सासूबाईंकडे गेलो. त्यांनी खोली आवरली होती, खिडक्या लावून घेतल्या होत्या, भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा काढून ठेवला होता. अंगावर कडक इस्त्रीची साडी. त्यांना इतकं अस्वस्थ मी त्यांच्या ऑपरेशनच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"झालं का मशीन?"

"झालं. ऐका."

मी साफ केलेली फाइल लावली. या वेळी त्या डब्यापाशी गेल्या नाहीत, खुर्चीत बसल्या. प्रसंग सुरू झाला. बाई आली, कप ठेवला, उभी राहिली. पावलांच्या मधल्या जागेत काहीही नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली.

सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"माझी टाच कुठे गेली?"

"काय?"

"ती परत जाते तेव्हा आधी टाच टेकते. जड. धप्प असा. पाय उचलवत नाहीत तिचे. ती टाच मी फरशीवर नाही दिली, फरशीखाली पोकळ पेटी ठेवून दिली होती. ती गेलीय. नुसते चवडे वाजतायत. ही बाई घर सोडून नाही चालली, दूध आणायला चाललीय."

भुणभुण ज्या खालच्या सुरात होती त्याच सुरात टाचेचा तो धप्प होता. वजा करताना तोही गेला होता, आणि मला पत्ताही लागला नव्हता.

"तुम्ही फाइलला हात लावलात," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी सांगितलं त्याला," बायको मध्ये पडली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडेच पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना मला दिसलं. मशीनचा आवाज असता तर फाइलला हात लावायची गरज काय होती?

"जुनी लावा," त्या म्हणाल्या. "आणि मशीन वाजत नसतानाही माणसाला ऐकू येतं ते काय असतं, ते मला दाखवा."

मी जशीच्या तशी फाइल लावली, रिमोटने आवाज बंद करून दाखवला, सुरू करून दाखवला. एकदाच. दुसऱ्यांदा त्यांनी हातानेच नको म्हटलं.

बराच वेळ त्या साडीच्या काठावर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरचा पंखा मी बंद केला होता. माझ्या हाताने. हे खरं आहे."

"हो आई."

"कोपऱ्यात टेबलफॅन होता." त्यांनी मुलीकडे बोट केलं. "ही पोटात होती. मला सारखी चक्कर यायची. म्हणून कानसेनांनीच आपल्या काचेच्या खोलीतला टेबलफॅन आणून ठेवला होता मला, खडीच्या ट्रेमागे. बारीक चालायचा. अंगाला वारा लागायचा, आवाज कळायचा नाही." त्या थांबल्या. "तो मी नाही बंद केला. आठवणच झाली नाही त्याची. तेव्हाही नाही, आणि इतक्या वर्षांतही नाही. त्यांनाही तेव्हा तो सुचला नाही, आणि मला भांडणच आठवत राहिलं."

बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, साफ केलेली लावू या. टाचेचं त्यांना नाही कळणार."

सासूबाईंनी मान तिरकी केली, जिन्याकडे. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"आले," त्या म्हणाल्या. "काठी आहे. डावा पाय ओढतायत. पूर्वी नव्हते ओढत."

कानसेन आत आले ते हसतमुखाने आणि फार मोठ्याने बोलत. "जिना फार आहे हो तुमचा, बाई." दोन्ही कानांत यंत्रं होती. सासूबाई "या" म्हणाल्या, त्यांना ते कळलं नाही, त्यांनी "आं?" म्हणून कान पुढे केला. तेव्हा आमच्या तिघांच्याही लक्षात आलं की फोनवर उत्तर का आलं नव्हतं. स्टुडिओभर ज्याच्या कानाची ख्याती होती तो माणूस माझ्या तोंडाकडे बघून शब्द ओळखत होता.

चहा झाला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, थांबलेलं घड्याळ पाहिलं आणि सासूबाईंकडे बघून कौतुकाने मान डोलावली. "तयारी जोरदार आहे," म्हणाले. मग काठी बाजूला ठेवून टीव्हीपुढच्या खुर्चीत पुढे वाकून बसले.

मी रिमोट हातात घेतला आणि सासूबाईंकडे पाहिलं. बायको माझ्याकडे पाहत होती. दोन फाइली पडद्यावर एकाखाली एक दिसत होत्या.

"मूळची," सासूबाई म्हणाल्या.

बाई अनवाणी आली. कप ठेवला. उभी राहिली. टाच, चवडा, टाच, चवडा, आणि मागे भुणभुण, मला तर ती आता पावलांपेक्षा मोठी वाटत होती. कानसेन डोळे मिटून बसले होते. प्रसंग संपला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

मी रिमोट खाली ठेवला.

"पंखा नाहीये. नीट ऐकलं मी." त्यांनी दोन्ही हात जोडले. "बाई, तुम्ही खरं बोलत होता. माझं यंत्रच वाजत असेल. नाहीतर कान तेव्हापासूनच जायला लागले असतील. मी फार वर्षं मनात म्हणायचो, कसा चुकेन मी? पण चुकलो. चारचौघांत बोललो होतो तुम्हाला. राग सोडा."

सासूबाईंना हवे होते ते शब्द आले होते, मागितले होते त्याहून जास्त. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मीही मनात म्हणालो, झालं, संपलं, आता गप्प बसा. दोघंही थकले आहेत, कोणाचं काही जात नाही.

"पुन्हा लावा," सासूबाई म्हणाल्या. "आवाज वाढवा. अजून."

मी वाढवला. त्या उठल्या, कानसेनांचा हात धरून त्यांना उठवलं आणि डाव्या स्पीकरपाशी नेलं. त्यांचा तळवा उघडला आणि स्पीकरच्या लाकडावर ठेवला. वर आपला हात ठेवून दाबून धरला. कानसेन गोंधळून त्यांच्याकडे पाहत होते.

बाई खोलीत आली. लाकडातून टाच आली असणार, कारण कानसेनांचा चेहरा उजळला. "वा," ते म्हणाले. सासूबाईंनी बोट वर करून त्यांना थांबायला सांगितलं. पडद्यावर कप ठेवला गेला. बाई उभी राहिली. पावलं थांबली.

कानसेनांचा हात थांबला नाही. म्हणजे हात होता तिथेच होता, पण त्यांनी बोटं पसरली, मग तळवा घट्ट दाबला. त्यांचं हसू गेलं. मान एका बाजूला झुकली. मला एकदम वाटलं, काचेपलीकडे बसून हा माणूस असाच दिसत असेल.

"चालू आहे," ते म्हणाले. आल्यापासून पहिल्यांदाच हळू आवाजात.

सासूबाई त्यांच्यासमोर आल्या, तोंड दिसेल अशा उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "टेबलफॅन. तुम्ही मला आणून दिलेला. मी बंद केला नाही."

कानसेनांनी ते सासूबाईंच्या ओठांवर वाचलं. वाचून झाल्यावरही बघत राहिले. मला भीती वाटली, की आता काय बोलतील? त्यांचं सगळं काम, सगळं नाव या एका गोष्टीवर गेलं होतं. सासूबाईंनी हात पदरात घेतले.

"म्हणजे," कानसेन म्हणाले, "माझे कान ठीक होते."

"ठीक होते," सासूबाई म्हणाल्या.

कानसेनांनी मोकळ्या हाताने एका कानातलं यंत्र काढलं, मग दुसऱ्या कानातलं, आणि दोन्ही माझ्या त्या बिनआवाजाच्या डब्यावर ठेवली. स्पीकरवरचा तळवा त्यांनी उचलला नाही.

"पुन्हा लावा," ते मला म्हणाले.

मी सिनेमा मागे नेला आणि पुन्हा लावला.